आत्यासाठी गोधडी: तुकड्यांची की अखंड कापडाची?
तुकड्यांच्या गोधडीत घरातल्यांचे जुने कपडे वापरता येतात, कुणाचा शर्ट कुणाचा फ्रॉक, आणि आत्या बोट ठेवून एकेक ओळखत बसेल ना ते सुख दुसऱ्या कशात नाही. फक्त सगळे तुकडे सुती आणि साधारण एकाच जाडीचे घ्या, नाहीतर पातळ कापड शिवणीपाशी आधी फाटतं, शिवाय प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत जातं म्हणजे 5 इंचाचा चौकोन कापला की दिसायला साडेचारच उरतो. गडद रंग आधी धुऊन घ्याच.

अखंड कापडात जोडकाम वाचतं, नुसता धावदोरा, पण प्लेन कापडावर वाकडा टाका लगेच दिसतो. आत्याला जोडांचे उंचवटे टोचणार असतील तर हीच बरी, नाहीतर मी तुकड्यांचीच शिवेन.