दुधाचा डबा की गुरांचा? खेळण्यातल्या रेल्वेसाठी ॲक्सेसरी निवडताना

माझ्या पुतण्याने नागपुरातल्या नंदनवनच्या घरी आठ बाय चारच्या प्लायवूडवर रूळ टाकले, त्याला महिना झाला. गाडी गोल फिरते. त्याची सहा वर्षांची लेक पहिले आठ दिवस तिथून हलली नाही. नवव्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, ही थांबतच नाही का?" ते ऐकून तो माझ्याकडे आला. "काका, दिवाळीपर्यंत दोन ॲक्सेसरी घेता येतील. कोणत्या घेऊ ते तुम्ही सांगा."

पोरीने अगदी नेमकं विचारलं. गाडीला थांबायला काहीतरी काम लागतं. दूध उतरवायचं, कोळसा भरायचा, फाटकावरून जाताना गेटमनने कंदील दाखवायचा. ही कामं करणारी जी यंत्रं असतात त्यांना या छंदात ॲक्सेसरी म्हणतात. माझ्याकडे ओ गेजच्या (गेज म्हणजे रुळांमधलं अंतर), तीन रुळांच्या (मधला रूळ वीज देणारा) लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या जुन्या ॲक्सेसरी आहेत. माझे थोरले काका अमेरिकेहून येताना बॅगेत एकेक घालून आणायचे. बहुतेक १९४७ ते १९५७ या दशकातल्या आहेत आणि निम्म्या मी स्वतः उघडून दुरुस्त केल्या आहेत. पुतण्याचं रूळही त्याच जातीचं, कारण तो संच मीच त्याला दिला. एचओ किंवा डबल-ओ या लहान गेजवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

ॲक्सेसरी पहिल्यांदा चालली की सगळ्यांनाच आवडते. मी ती महिन्याभराने तपासतो. तेव्हाही हात आपोआप तिच्या बटणाकडे जातो का? जात असेल तर पैसे वसूल.

सगळ्यात अवघड निवड दुधाचा डबा आणि गुरांचा डबा यांच्यात आहे. दोन्ही बाजारात सहज सापडतात आणि दोन्हींची जाहिरात सारखीच मोहक. दुधाचा डबा लायोनेलने १९४७ मध्ये काढला. पांढरी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, छताला झाकण. झाकणातून आपण छोटे कॅन आत सोडायचे, ते उताराने घरंगळत दारापर्यंत येतात. गाडी फलाटाशी उभी केली आणि बटण दाबलं की दार उघडतं आणि आतला पांढऱ्या कपड्यातला माणूस एक कॅन बाहेर ढकलतो. पुन्हा बटण, पुन्हा कॅन. सगळं एका सोलेनॉइडवर चालतं, म्हणजे तारेच्या गुंडाळीत वीज गेली की आतला लोखंडी दांडा खेचला जातो, बस. त्यामुळे बिघडायला जागाच कमी. गाडी दोन सेंटिमीटर पुढे गेली तर कॅन फलाटाच्या काठावरून पडतो. म्हणून चालवणाऱ्याला गाडी नीट थांबवायला शिकावं लागतं, आणि खरी मजा त्यातच आहे. माझ्या धाकट्या भावाने याच डब्यावर हळूहळू ब्रेक लावायला शिकून घेतलं. पन्नास वर्षांनंतर आजही तो आला की पहिला हात तिकडेच जातो.

गुरांचा डबा १९४९ चा. वाघिणीशेजारी कुंपण असलेला गोठा. बटण दाबलं की गोठ्याची आणि डब्याची जमीन थरथरते आणि रबरी तळव्यांच्या गायी आपोआप पुढे सरकतात, डब्यातून गोठ्यात, गोठ्यातून डब्यात. कल्पना अफाट सुंदर आहे. पण प्रत्यक्षात पाचातल्या दोन गायी वळणावर अडतात, एक आडवी पडते आणि मागचा सगळा कळप थांबतो. मग बोटाने ढकलायचं. शिवाय थरथरण्याचा आवाज एवढा की शेजारच्या खोलीत टीव्ही ऐकू येत नाही.

आपल्याकडे गायी अडायला अजून एक कारण आहे आणि ते विकणारा कधी सांगत नाही. विजेच्या प्रवाहावर थरथरणारी यंत्रं एका सेकंदात वीज जितक्या वेळा फिरते त्याच्या दुप्पट वेळा हलतात. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला १२० झटके. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ, म्हणजे १००. तिकडच्या तालावर बांधलेल्या गायी इथे अधिकच रेंगाळतात. पायाखालचे रबर नवे लावून, जमीन पुसून, व्होल्टेज कमी-जास्त करून मी माझ्या परीने सगळं केलं. कळप थोडा सुधारला, पण दुधाच्या डब्याइतका भरवशाचा कधीच झाला नाही. म्हणून या जोडीत माझं मत स्पष्ट आहे: दूध.

एक अट मात्र आहे. त्या काळच्या दुधाच्या डब्याला खालून वीज घ्यायला खास रूळतुकडा लागतो, नेहमीच्या तीन रुळांच्या मध्ये आणखी दोन, असे पाच रूळ असलेला. डबा स्वस्तात मिळाला म्हणून उड्या मारू नका. तो तुकडा आणि त्याचं बटण सोबत आहे का ते आधी विचारा.

आता गेटमन. छोटंसं घर, दारात पिवळा दिवा. गाडी जवळ आली की दार उघडतं, हातात कंदील घेऊन माणूस बाहेर येतो. गाडी गेली की तो आत जातो. पहिला १९३५ चा, नंतरचा जास्त दिसणारा १९५० चा. इतवारीच्या नॅरो गेजच्या फाटकावर सायकल धरून उभं राहिलेल्या पिढीला हा गेटमन काही वेगळा सांगावा लागत नाही. बटणसुद्धा लागत नाही, गाडीच त्याला बाहेर बोलावते.

कंपनीने रुळाखाली ठेवायचा दाबाचा स्विच दिला होता. तो वैतागवाणा आहे: हलका डबा असला की दाबलाच जात नाही, स्क्रू जास्त फिरवला की गेटमन आत जातच नाही. त्याऐवजी बाहेरच्या दोन रुळांपैकी एकाचा तुकडा दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या पिना घालून आणि खालच्या लोखंडी पट्ट्यांपासूनही वीज न जाईल असा वेगळा करा आणि गेटमनची तार त्याला जोडा. गाडीची लोखंडी चाकं दोन्ही रुळांना जोडतात आणि सर्किट पूर्ण होतं. तीन रुळांच्या गाडीचा हा मोठा फायदा. फक्त त्या तुकड्यावर गाडी उभी करून जेवायला जाऊ नका. आतली गुंडाळी सतत वीज घेऊन तापते.

गेटमनच्या शेजारी लोक हमखास फिरता दिवा घेतात. इथे दोन प्रकार आहेत आणि नागपुरात राहणाऱ्याने त्यातला फरक आधी समजून घ्यावा. १९४९ चा जुना दिवा बल्बच्या उष्णतेवर फिरतो. गरम हवा वर जाते, पात्यांना लागते आणि लाल-हिरव्या खिडक्यांचं टोपण सुईवर गरगर फिरतं. मोटर नाही, आवाज नाही, रात्री दिवे मालवल्यावर भिंतीवर रंग फिरतात. पण आपल्या घरात मार्च ते ऑक्टोबर पंखा बंद असतो कुठे? पंखा लावला की टोपण थांबतं किंवा उलटं फिरतं, आणि कूलरसमोर ठेवलं तर उडून खाली पडतं. माझं एक टोपण तसंच फुटलं. १९५४ नंतरचा दिवा थरथरीवर फिरतो. गुणगुणतो, पण पंख्याला जुमानत नाही. दिसायला जुना हजार पटीने देखणा, तरी घ्यायचा असेल तर नवा.

कूलरचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो. वाळ्याच्या टट्टीतून येणारी ओली हवा पत्र्याच्या रुळांना गंज आणते. लेआउट, म्हणजे रुळांची सगळी मांडणी, कूलरच्या खोलीत असेल तर दर आठवड्याला रूळ कोरड्या फडक्याने पुसावेच लागतात. नाहीतर कोणतीच ॲक्सेसरी धड चालणार नाही आणि दोष बिचारीवर जाईल.

कोळसा आणि लाकूड. आमच्या पोरांनी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे जाणाऱ्या कोळशाच्या वाघिणी लहानपणापासून पाहिल्या, त्यामुळे कोळशाच्या यंत्राची ओढ स्वाभाविक आहे. माझ्याकडे दोन आहेत. एक उंच, साखळीवरच्या बादल्यांनी कोळसा वर नेऊन बंकरमध्ये भरणारं; दुसऱ्या बटणाने घसरगुंडी उघडून तो पलीकडच्या रुळावरच्या वाघिणीत सोडता येतो. दुसरं थरथरत्या तबकाचं आणि पट्ट्याचं. उंच यंत्र कितीतरी सरस. कोळसा वर साठतो, म्हणून एका बाजूला गाडी रिकामी करायची, फिरून यायचं, दुसऱ्या बाजूला भरायची, असा खरा खेळ जमतो. पट्ट्याच्या यंत्रात कोळसा तबकात येतो, तिथून लगेच वर, लगेच वाघिणीत. संपलं. आणि ते कर्कशही आहे.

कोळसा म्हणून काय वापरायचं हा मोठा प्रश्न. खऱ्या कोळशाची भुकटी गिअरमध्ये जाते, तो वापरूच नका. आम्ही एकदा मोहरी घातली होती. मोहरी घरभर घरंगळली आणि दोन दिवसांनी लेआउटवर मुंग्यांची रांग लागली. कंपनीचे प्लॅस्टिकचे काळे दाणे किंवा मत्स्यालयातली काळी बारीक खडी धुऊन, वाळवून वापरा.

पण दोन्हींपेक्षा मला लाकडाचं यंत्र जवळचं वाटतं. वाघीण कलंडते, ओंडके खाली येतात, साखळी त्यांना एकेक करून वर नेते आणि दुसऱ्या वाघिणीत गडगडत सोडते. ओंडके मोठे, मोजता येतात, पडले तर उचलता येतात. बल्लारशाच्या सागवानाचं नाव घेऊन आम्ही भावंडं तासन्‌तास हे खेळलो. सहा वर्षांच्या मुलीला कोळशाच्या दाण्यांपेक्षा हे फार सोयीचं. ओंडके हरवले तर जुन्या पेन्सिली कापून नवे होतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. खोकी बाहेर फेकणारा मालडबा घेऊ नका. चार खोकी एका दमात सोफ्याखाली जातात आणि दुसऱ्यांदा खेळायचा उत्साह राहत नाही. तेलाच्या विहिरीची बुडबुड्यांची नळी सुंदर दिसते, पण तिला गाडीशी काही देणंघेणं नाही. चुंबकाची क्रेन मोठ्या माणसाला आवडते, तिला चालवायला धीर लागतो आणि तोवर गाडी नुसती उभी राहते. दोन वर्षांनी घ्या.

विजेचं एक सांगितलंच पाहिजे. जुना अमेरिकन ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला थेट लावला तर जळतो. मी २३० वरून १६ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर इथल्याच वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला, फ्यूजसकट, आणि सगळ्या ॲक्सेसरी त्याच्यावर चालतात. डीसीवर थरथरणारं काहीच चालत नाही हेही लक्षात असू द्या.

एचओ आणि डबल-ओ गेजवाल्यांच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्यांना दुधाचा डबा शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांनी फाटक घ्यावं, तेही शक्यतो घरी केलेलं. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोटी सर्व्हो मोटर (सांगू तितकीच फिरणारी) आणि गाडी ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर सहज मिळतात. आर्डुइनो या छोट्या संगणकी पाटीवर चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला की गाडी आली की दांडा हळूच खाली येतो. तयार यंत्रात बऱ्याचदा दांडा झटक्यात पडतो आणि खोटा वाटतो. सर्व्होचा वेग तुमच्या हातात. फाटकाचा रंग आणि दांडा कसा हवा हे ठरवायला मोतीबागेच्या नॅरो गेज रेल संग्रहालयात पोरांना घेऊन एक चक्कर मारा. २००२ पासून ते सुरू आहे आणि तिथलं एकेक इंजिन जवळून पाहता येतं.

पुतण्याला मी सांगितलं: पहिला गेटमन, कारण गाडी थांबत नसतानाही त्याच्यामुळे घडतं काहीतरी. दुसरा दुधाचा डबा, पाच रुळांच्या तुकड्यासकट. पुढच्या दिवाळीला लाकडाचं यंत्र. तो म्हणाला, "आणि गायी?" गायी तिला फार आवडतील हे मलाही माहीत आहे. माझ्या गायी मी तिला देईन, बोटाने ढकलून खेळायला.

विकणाऱ्याकडे व्हिडिओ मागताना नुसता बटण दाबल्याचा मागू नका. गाडी येऊन थांबते, काम होतं आणि गाडी पुन्हा निघते, असा सलग मागा. दुधाच्या डब्यासोबत कॅन नसतील तर सौदा मोडू नका, कॅन नव्याने बनवलेले वेगळे मिळतात. माणूस मात्र आत असलाच पाहिजे, आणि त्याचा हात तुटलेला नको.