आउसगेइरचा 'दीर्द ई दोयदाथोग्न' : आठ महिन्यांच्या ऐकण्यानंतर

आउसगेइर या आइसलँडच्या गायक-गीतकाराचा पहिला अल्बम गेले आठ महिने मी जवळजवळ रोज ऐकतो आहे, आणि तोही दोन भाषांत. मूळ आइसलँडिक आवृत्ती २०१२ मध्ये आली, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी हीच गाणी इंग्रजीत 'इन द सायलेन्स' या नावाने निघाली.

शब्द समजतील म्हणून मी इंग्रजीपासून सुरुवात केली आणि महिनाभर समाधानीही होतो. त्यानंतर मूळ आवृत्ती लावली, आणि आता इंग्रजीकडे वळतो तो केवळ तुलनेसाठी. ज्या भाषेतले अक्षरही मला कळत नाही त्या भाषेत ही गाणी अधिक जवळची का वाटावीत, याचा मी बराच विचार केला. बहुतेक गीते त्याच्या वडिलांची, एइनार गेओर्ग यांची आहेत. मुलाचा अल्बम आला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. आइसलँडच्या पद्यात ओळींच्या जोडीतले आघाताचे शब्द एकाच ध्वनीने सुरू करण्याची शिस्त शतकानुशतके जपली गेली आहे. आपल्याकडे अनुप्रास हा अलंकार मानला जातो, तिथे तो पद्याचा कणाच आहे. अल्बमच्या नावातच तो ऐकू येतो : 'दीर्द' आणि 'दोयदाथोग्न', म्हणजे वैभव आणि मरणशांतता. इंग्रजी नावात शांतता उरली, पण वैभव गेले आणि दोन 'द'कारांचा ठोकाही गेला.

याचा दोष मी अनुवादाला देत नाही. तो जॉन ग्रँट या आइसलँडमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकी गायकाने केला असून तो कुठेही ओबडधोबड नाही. 'लेइन्दारमाउल', म्हणजे 'गुपित', हे गाणे इंग्रजीत 'किंग अँड क्रॉस' झाले, तरी गिटार आणि ठेका इतके नेटके आहेत की भाषा बदलल्याचे फारसे जाणवत नाही. 'हेइमफोरिन' या घरी परतण्याच्या संथ गाण्यात मात्र ते फार जाणवते, कारण तिथे शब्दांना आधार देणारे दुसरे फारसे काही नाही.

आवाजाविषयी सांगायचे तर तो उंच, पातळ आणि एकावर एक थर देऊन ध्वनिमुद्रित केलेला आहे. फोनच्या स्पीकरवर सगळे एकाच धुक्यात विरघळते. हेडफोनवर थर सुटे होतात. तिसऱ्या महिन्यानंतर एक उणीव मला खुपू लागली : हा स्वर उंचावरून क्वचितच खाली उतरतो, त्यामुळे उत्तरार्धातली गाणी एकमेकांत मिसळतात.

त्याला ठळक अपवाद 'नीफाटलिद रेग्न'. पियानो आणि त्यावर कोसळणारे ड्रम यांमुळे हे गाणे अल्बममधले सर्वांत दणकट ठरले आहे. नावाचा अर्थ 'नुकताच पडलेला पाऊस'. इंग्रजीत ते 'टॉरेंट' म्हणजे लोंढा झाले. ड्रम ऐकताना लोंढा पटतो, पण पाऊस नुकता थांबून मातीवर पाणी साचल्याची जी शांतता मूळ नावात आहे, ती त्याच ड्रमच्या मागे ऐकायला मला आवडते.

ज्यांना हा अल्बम घ्यायचा आहे त्यांनी मूळ आवृत्तीच घ्यावी, दहाही गाणी क्रमाने आणि एका बैठकीत ऐकावीत, आणि गीतांचे अर्थ निदान पहिला महिनाभर शोधू नयेत.