फोमचे बोळे, इअरमफ की मापाचे प्लग?

गोंगाटापासून कान जपायचे ठरवले की पहिली नजर पाकिटावरच्या एनआरआर आकड्यावर, म्हणजे साधन किती डेसिबल आवाज अडवतं त्या आकड्यावर जाते. फोमच्या बोळ्यांवर 33, हेडफोनसारखा कान झाकणाऱ्या मफवर 25, म्हणजे बोळेच बरे! पण हा आकडा प्रयोगशाळेतला. तिथे प्लग नीट बसवलेला असतो, घाम येत नाही, मध्येच कुणी हाक मारत नाही. मी निवड करताना एकच बघते: आवाज थांबेपर्यंत हे कानावर राहील का?

कारण गणित कठोर आहे. कामगारांचं आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास ही मर्यादा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला चार तास, 94 ला एक, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. त्यामुळे 30 डेसिबल अडवणारं साधन निम्मा वेळ काढून ठेवलं, तर पदरात पडतं ते जेमतेम 3 डेसिबलचं संरक्षण.

फोमचे बोळे खिशात मावतात आणि नीट बसले तर या तिघांत सहसा तेच सर्वाधिक आवाज अडवतात. गोची त्या ‘नीट’मध्ये आहे. स्वच्छ हातांनी बोळा सुरकुती न पडू देता बारीक वळायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली नळी सरळ होते. मग बोळा सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने धरून ठेवायचा. जमलं की स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमतो. समोरच्याला बोळा बाहेर डोकावताना दिसत असेल, तर तो बसलेलाच नाही. आणि कापसाचे बोळे? त्यांच्यावर अजिबात विसंबू नका.

आवाज थांबून-थांबून येत असेल तर मफ सोयीचा: चढवला, काढला, पुन्हा चढवला. लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यांनाही मफच बरा. मला चष्मा आहे, म्हणून त्यातली उणीव चांगली ठाऊक आहे. चष्म्याच्या काडीपाशी गादी उचलली जाते आणि तेवढ्या फटीतून आवाज आत शिरतो. केसांच्या बटाही तेच करतात. गादी कडक झाली की बदलायची. आवाज 100 डेसिबलच्या वर असेल तर बोळे आणि मफ दोन्ही वापरा, पण दोघांचे आकडे बेरजेला धरू नका. जो चांगला आहे त्याच्यावर साधारण 5 डेसिबलची भर पडते, इतकंच.

मापाच्या, म्हणजे आपल्याच कानाच्या ठशावरून बनवलेल्या प्लगसाठी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जावं लागतं, आणि माझ्या दृष्टीने तोच त्यांचा मोठा फायदा. आधी दिवा लावून कानात मळ आहे का, पडदा ठीक आहे का हे बघतात. मग दोरा बांधलेला स्पंजचा तुकडा आत ठेवून त्यावर सिलिकॉन भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि कानाचा ठसा बाहेर येतो. संगीत वाजवणाऱ्यांनी फारसा विचारही करू नये, हेच घ्यावेत. फोम उंच स्वर जास्त खातो, त्यामुळे गाणं गोधडीखालून आल्यासारखं लागतं. मापाच्या प्लगमध्ये बसणारे संगीताचे फिल्टर (9, 15 किंवा 25 डेसिबलचे) सगळे स्वर जवळपास सारखेच उतरवतात. मात्र 9 चा फिल्टर लावून ड्रिलपाशी उभं राहू नका.

त्याच भेटीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी करून घ्या. गोंगाटाची इजा ऑडिओग्रामवर, म्हणजे या चाचणीच्या आलेखावर, बहुधा 4000 हर्ट्झच्या उंच स्वराच्या आसपास खड्डा म्हणून दिसते, आणि बोलणं कळेनासं होण्याच्या बरंच आधी दिसते. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून आजचा आलेख पुढे तुलनेला हवाच. चाचणीआधी 14 तास तरी गोंगाट टाळा, नाहीतर तात्पुरते बसलेले दडेच मोजले जातील.

रोज तासन्‌तास आवाजात असाल तर मापाचे प्लग, अधूनमधून मशीन चालवत असाल तर मफ, प्रवासात आणि समारंभात फोम, असं मी सुचवेन. पण एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर ही निवड बाजूला ठेवा आणि आजच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा वेळी उपचाराला दिवस मोजकेच असतात.