साध्या गेमसाठी पहिली भाषा: पायथॉन आणि जावास्क्रिप्ट काही महिने वापरल्यानंतर

साधा द्विमितीय गेम स्वतः लिहायचा असेल तर पहिली भाषा कोणती घ्यावी, असे विचारले की बहुतेक जाणकार ‘पायथॉन’ असे उत्तर देतात. मी आणि नववीत शिकणारी माझी भाची यांनी आधी पायथॉन व त्यावरील पायगेम (गेम लिहिण्यासाठीचा तयार कोड-संच), आणि नंतर ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट, अशा दोन्ही भाषा काही महिने नेटाने वापरल्या. आज कोणी विचारल्यास मी जावास्क्रिप्ट सुचवीन. त्याचे कारण भाषेच्या गुणांपेक्षा गेम खेळणाऱ्यांच्या हातात कोणते यंत्र असते, यात अधिक आहे.

आमच्याकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मी सोलापुरात एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेबाचे काम करतो. प्रोग्रॅमिंगशी माझा संबंध एक्सेलच्या सूत्रांपुरताच होता. खेळाची कल्पना भाचीची: संक्रांतीच्या वेळी सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात, त्यांपैकी एक निवडायचा आणि डाव्या-उजव्या कळांनी त्याचा तोल सांभाळत पुढे न्यायचा. दिसायला हा खेळ किरकोळ आहे. पण ध्वज जितका अधिक कलतो तितका तो अधिक वेगाने पडू लागतो, म्हणून कोन, वेग आणि काळ यांचा हिशेब दर क्षणाला ठेवावा लागतो. भाषा पारखण्यासाठी एवढे पुरेसे होते.

पायगेमची सर्वांत मोठी देणगी अशी की गेमचे पोट त्यात उघडे दिसते. प्रत्येक फेरीत आधी कळा वाचायच्या, मग स्थिती बदलायची, मग चित्र काढायचे आणि घड्याळाला सांगून सेकंदाला ६० फेऱ्यांची मर्यादा पाळायची. हे चक्र आपण स्वतः लिहितो, त्यामुळे गेम म्हणजे काय हे पहिल्याच आठवड्यात कळते. पायथॉन चुकाही स्पष्ट बोलून दाखवतो. एखाद्या गुणधर्माचे नाव वाचताना अक्षर चुकले की प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो. नवशिक्याला याहून मोठी मदत नसते.

पायगेममध्ये वस्तूची जागा आणि आकार आयताच्या रूपात ठेवतात; या आयतांची एक खोड मात्र सांगायला हवी, कारण ती बरीच डोकेदुखी देते. आयताची जागा पूर्णांकातच साठवली जाते. प्रत्येक फेरीत वस्तू अर्धा पिक्सेल उजवीकडे सरकवली तर अपूर्णांक गळून पडतो आणि वस्तू जागची हलत नाही. डावीकडे अर्धा पिक्सेल सरकवली तर ती पूर्ण एक पिक्सेल सरकते. उपाय सोपा आहे: खरी जागा वेगळ्या दशांश चलात ठेवावी आणि आयत केवळ चित्र काढताना व टक्कर तपासताना वापरावा.

खरी अडचण मराठीची होती. भाचीला पडद्यावर ‘पुन्हा खेळा’ असे हवे होते. पायगेमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने तिथे नुसत्या चौकटी उमटतात. देवनागरी फॉन्ट जोडला तरी आमच्याकडे जोडाक्षरे सुटी पडत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाई. पायगेमच्या समुदाय-आवृत्तीत लिपी सांगण्याची सोय आहे, पण ती नवशिक्याला सहज सापडण्यासारखी नाही. मराठी मजकुराचे चित्र करून चिकटवणे हा मार्ग उरतो. पण बदलते गुण आणि संदेश असलेल्या खेळात तो कंटाळवाणा होतो. ब्राउझरच्या कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढण्याच्या जागेवर, हाच मजकूर एका ओळीत, काना-मात्रेसह बिनचूक येतो. चलांना ‘वेग’, ‘कोन’ अशी मराठी नावे देण्याची मुभा मात्र दोन्ही भाषांत आहे आणि भाचीने ती मनसोक्त वापरली.

दुसरा प्रश्न गेम इतरांपर्यंत पोहोचवण्याचा. भाचीच्या मैत्रिणींपैकी जवळजवळ कोणाच्याही घरी संगणक नाही. सर्वांकडे आई-वडिलांचा अँड्रॉइड फोन आहे. पायथॉनच्या प्रोग्रॅमची विंडोजवर चालणारी फाइल करता येते, पण ती आकाराने मोठी होते आणि फोनवर निरुपयोगी ठरते. पायगेमचा गेम ब्राउझरमध्ये नेणारे साधन आहे, मात्र त्यासाठी मुख्य चक्राची रचना बदलावी लागते. जावास्क्रिप्टचा गेम मोफत संकेतस्थळावर ठेवला आणि दुवा पाठवला की काम झाले. मैत्रिणी खेळू लागल्यावर ‘ध्वज फार लवकर पडतो’ अशा तक्रारी येऊ लागल्या आणि भाची त्यासाठी आपणहून भूमितीचे पुस्तक उघडू लागली.

अर्थात जावास्क्रिप्ट सोशिक नाही, बेफिकीर आहे. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला होता आणि त्या घाईच्या खुणा अजून जाणवतात. ‘वेग’ या गुणधर्माचे नाव एका जागी चुकीचे वाचले तर ती थांबत नाही. बेरीज ‘संख्या नाही’ अशा मूल्यात जाते, कॅनव्हास अशा मूल्याने फिरवण्याची आज्ञा निमूटपणे दुर्लक्षितो, आणि नंदीध्वज ताठ उभा राहून कधीच पडत नाही. सर्वाधिक गुणांचा विक्रम ब्राउझरमध्ये साठवला तर तो अक्षरांच्या रूपात परत येतो; त्यात १ मिळवला की ९ चे १० होण्याऐवजी ९१ होतात. तो आधी संख्येत बदलून घ्यावा लागतो.

फोनचे स्वतःचे नियमही आहेत. ब्राउझर पडदा ताजा होण्याच्या गतीने चित्र काढायला सांगतो; काही फोनवर ही गती सेकंदाला ६०, तर काहींवर १२० असते. फेऱ्या मोजून हालचाल ठरवली तर महागड्या फोनवर ध्वज दुप्पट वेगाने कोसळतो. म्हणून मागील फेरीपासून किती मिलिसेकंद गेले, ते मोजून वेगाला गुणावे. आवाजही वापरकर्त्याने पडद्याला स्पर्श केल्याशिवाय सहसा सुरू होत नाही. ‘सुरू करा’ असे बटण ठेवले की हा प्रश्न सुटतो.

आमचा दुसरा खेळ भुलभुलैयाचा होता आणि त्यात दोन्ही भाषांत काही फरक जाणवला नाही. नकाशा म्हणजे ओळी आणि स्तंभांची यादी. सोलापुरी चादरीची नक्षी आलेखकागदावर चौकटी भरून काढतात, तसेच हे काम. प्रत्येक ओळ वेगळी न बनवता तीच एक ओळ पुन्हा पुन्हा वापरून सारा नकाशा भरला तर एक चौकट बदलताच त्या स्तंभातील सगळ्या चौकटी बदलतात, हा सापळाही दोन्हीकडे सारखाच आहे.

इतर पर्याय थोडक्यात. स्क्रॅच लहान मुलांसाठी उत्तम आहे, पण नववीच्या मुलीला ठोकळे जोडण्यापेक्षा टंकलेखन हवे होते. लुआ ही भाषा आणि तिच्यावरील लव्ह हा गेम-संच, ही जोडी मला फार आवडली; सुरुवात, बदल आणि चित्र अशा तीन फलनांत सारा गेम बसतो, पण फोनची अडचण तिथेही आहेच. गोडो हे गेम बनवण्याचे तयार साधन मोठ्या गेमसाठी निश्चित योग्य. मात्र संपादक आणि भाषा ही दोन ओझी एकाच वेळी उचलावी लागतात.

पायथॉन आम्ही लॅपटॉपवरून काढलेला नाही. जावास्क्रिप्टचा गेम मॉड्यूल पद्धतीने अनेक फाइलींत विभागला की फाइलवर दोनदा क्लिक करून तो चालत नाही, स्थानिक सर्व्हर (आपल्याच संगणकावरून ब्राउझरला फाइली पुरवणारा प्रोग्रॅम) लागतो, आणि तो पायथॉन एका ओळीच्या आज्ञेत सुरू करतो. ज्यांचे खेळगडी महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बसतात आणि ज्यांना पडद्यावर मराठी नको आहे, त्यांनी पायगेमनेच सुरुवात करण्यास माझी हरकत नाही.