भयकथेची चार रकान्यांची वही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कौटुंबिक किंवा विनोदी कथा लिहिणाऱ्याने भयकथेला हात घातला की पहिला खर्डा बहुतेक वेळा ठरलेल्या साच्यात उतरतो. अमावास्या, ओसाड वाडा, पांढरी साडी आणि दर परिच्छेदात एक 'अचानक'. हे मोडायचं म्हणून बडोद्यातल्या आमच्या कथालेखकांच्या छोट्या गटाने चार रकान्यांची वही वापरायला घेतली. त्याला आठ महिने झाले.

सामान अगदी साधं आहे: 200 पानी फुलस्केप वही आणि पेन्सिल. समोरासमोरच्या दोन पानांवर चार रकाने आखायचे: जागा, रोजचा क्रम, बिघाड, नियम. एका कथेला दोनच पानं, तिसरं उलटायचं नाही. मोबाइलवर हे नीट जमत नाही, कारण चारही रकाने एका वेळी डोळ्यांसमोर राहत नाहीत आणि बिघाड क्रमापासून सुटून भलतीकडे जातो.

सगळा जीव 'रोजचा क्रम' या रकान्यात आहे, आणि नवखे लेखक नेमका तोच दोन ओळींत उरकतात. इथे पात्राची सात ते दहा कामं, ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने, वेळेसह लिहायची. समजा दांडिया बाजारातला जुना वाडा आहे. सात वाजता आजी देवाजवळ दिवा लावते, मग माजघराची खिडकी ओढून घेते, दुधावर जाळी झाकते, जिन्याच्या दाराला कडी घालते, शेवटी अंथरूण घालते. आता बिघाड एकच: एका संध्याकाळी ती दुधाकडे वळते तर जाळी आधीच झाकलेली. दुसऱ्या दिवशी जाळीही झाकलेली आणि कडीही घातलेली. नियमाच्या रकान्यात एवढंच: 'ते आजीच्या पुढे आहे, रोज एक काम जास्त.' भूत कुठलं, कुणाचं, कशासाठी, काही लिहिलेलं नाही. तरी शेवटचं काम अंथरुणाचं आहे हे वाचकाच्या आधीच ध्यानात येतं, आणि तिथपासून तो स्वतःच घाबरायला लागतो.

याला मराठी व्याकरणाची चांगली साथ मिळते. क्रम सांगताना 'लावायची', 'झाकायची' अशी रीत सांगणारी रूपं वापरा आणि बिघाडाच्या वाक्यात काम आधीच झाल्याचं सांगणाऱ्या रूपावर या: 'जाळी झाकलेली होती.' क्रियापद बदललं की वाचकाला मोडलेली सवय ऐकू येते, 'अचानक' लिहावं लागत नाही.

त्याहून धारदार हत्यार म्हणजे नपुंसकलिंग. 'अंथरुणावर कोणीतरी निजलेलं होतं' या वाक्यात बाई की पुरुष हे सांगायला भाषा भाग पाडत नाही. हिंदीत 'सोया था' नाहीतर 'सोई थी' म्हणावंच लागतं. हिंदी मालिका ऐकून कान तयार झाला की 'कोणीतरी उभा होता' असं लिहिलं जातं आणि अर्धी भीती तिथेच सांडते. गुजरातीत 'कोई ऊभुं हतुं' म्हणतातच, त्यामुळे बडोद्याच्या दुभाषी कानाला हा फरक लगेच कळतो. ओळखीच्या माणसाबद्दल 'ती' वरून 'ते' वर येणं ही सगळ्यात मोठी चाल. पण एका कथेत एकदाच; दुसऱ्यांदा ती छपाईची चूक वाटते.

जागेच्या रकान्यात वर्णन नको, वापर हवा: उजेड कुठून येतो, आवाज कुठून फुटतो, बाहेर पडायच्या वाटा किती. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन उजेड खाली झिरपावा म्हणून काचेची केलेली आहे. सयाजीरावांच्या काळातली ही सोय भयकथेत आयती कामाला येते: वरच्या मजल्यावरच्या पावलांची सावली खाली डोक्यावर दिसते. 'जुनी, गूढ इमारत' या तीन शब्दांतून असं काहीच हाती लागत नाही.

धोका आणि भय यांतली गल्लत मात्र वहीने सुटली नाही, ती स्वतंत्र शिकावी लागते. ऑगस्ट 2024च्या पुरात बडोद्यात विश्वामित्री नदीतल्या मगरी वस्तीत आल्या होत्या. हा खरा धोका, पण त्यावर आधारलेले खर्डे साहसकथा होतात, कारण मगर का आली ते सगळ्यांना ठाऊक असतं. भय तिथे सुरू होतं जिथे कारण पुरत नाही: पाणी ओसरल्यावर चिखलाचे ठसे जिना चढून गेलेत, आणि उतरल्याचे कुठेच नाहीत.

मुंजा, हडळ, खवीस, चकवा यांचीही तशीच गत. मुंजा म्हटलं की पिंपळ आणि मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा हे वाचकाला पाठ असतं. सगळे नियम आधीच फुटलेले असतात. नाव टाळून फक्त वागणूक घेतली तर हेच साहित्य जिवंत होतं. चकव्याचं नाव न घेता रावपुऱ्यातल्या गल्लीत एकाच पानाच्या गादीसमोरून माणूस तिसऱ्यांदा जातो, एवढं पुरतं.

मोजमापाचं म्हणाल तर 2,500 शब्दांच्या कथेला चार बिघाड पुरे, साधारण 400, 1,200, 1,800 आणि 2,200 शब्दांवर. अंतर घटत जातं, म्हणून श्वास आखडतो. पाचवा घातला की वाचक मोजायला लागतो. शेवटच्या 300 शब्दांत कोणी म्हातारा येऊन 'फार वर्षांपूर्वी इथे...' सांगू लागला, तर ते पान फाडा. खुलासा मिळाला की भीतीचं कोडं होतं, आणि कोडं सुटलं की वाचक निर्धास्त झोपतो.

परीक्षा मोठ्याने वाचून घ्या. एवढ्या कथेला वीसेक मिनिटं लागतात. श्रोते तीन, त्यांतला एक भयकथा न वाचणारा. 'भीती वाटली का?' विचारू नका, लोक भिडेपोटी हो म्हणतात. 'पुढचं कुठे आधी कळलं?' हे विचारा. दुसऱ्या दिवशी त्यांना कथा सांगायला लावा. सांगताना जे गळतं ते कथेतूनही काढा. कागदावर दचकवता येत नाही, कारण नजर पुढच्या ओळीवर आधीच गेलेली असते. म्हणून दचकवण्यासाठी लिहिलेली वाक्यं इथे हमखास गळतात.

दीर्घकथेला ही वही अपुरी पडते. एकच नियम आठ-दहा हजार शब्द पेलत नाही, आणि दुसरा घातला की पहिला ढिला होतो. त्याहून मोठी उणीव म्हणजे 'हा माणूस घर सोडून का जात नाही?' या प्रश्नाला वहीत जागाच नाही. ते कारण मागाहून चिकटवलं की 'नेटवर्क नव्हतं' छापाचं होतं. खरी कारणं घरगुती असतात: वाड्याच्या वाटणीचा दावा, जिथे ताबा सोडला की हिस्सा जाईल अशी धास्ती असते, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, भरलेलं डिपॉझिट. म्हणून नव्या वहीत जागेच्या शेजारी पाचवा रकाना आखला आहे, 'का जात नाही', आणि तो भरल्याशिवाय बिघाडाच्या रकान्याला पेन्सिल लावायची नाही असं ठरलं आहे.