तलावाला हीट पंप की इलेक्ट्रिक हीटर? आधी पाणी आणि वायर बघा

पन्हाळा रोडला फार्महाऊस बांधणाऱ्या एका पाहुण्यांनी परवा विचारलं, “पोहायच्या तलावाला हीट पंप घेऊ की साधा इलेक्ट्रिक हीटर? साधा बराच स्वस्त पडतोय.” मी वायरिंगची कामं करतो. हा प्रश्न आला की मशीनच्या किमतीआधी मी दोन गोष्टी विचारतो: मशीनखालचं पाणी कुठं जाणार, आणि मीटरपासून तलाव किती लांब आहे?

तरी खर्चाचा हिशेब आधी उरकून घेऊ. त्यांचा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे, म्हणजे साधारण ३८,४०० लिटर पाणी. एवढं पाणी १ अंशानं तापवायला जवळपास ४५ युनिट उष्णता लागते. इलेक्ट्रिक हीटर त्यासाठी ४५ युनिट वीज घेतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळं त्याचं काम ९ ते ११ युनिटांत भागतं. पाणी ५ अंश वर न्यायचं तर एकीकडं सव्वादोनशे युनिट आणि दुसरीकडं पन्नासच्या आसपास. तलाव उघडा राहिला तर रात्रीत निघून जाणारी उष्णता वेगळीच. साधा हीटर झटपट तापवतो असं बरेच जण समजतात, पण १२ किलोवॅट उष्णता देणारी दोन्ही मशीनं या तलावाला एका अंशाला पावणेचार तासांच्या आसपासच घेणार. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो, तेव्हा हीट पंप मंदावतो. म्हणून तो दुपारी अकरा ते पाच चालवायचा आणि संध्याकाळी तलावावर कव्हर ओढायचं.

आता पाण्याकडं येतो, कारण कामं बिघडतात ती इथं. हीट पंपाच्या जाळीवर हवेतली वाफ थंड होऊन पाणी ठिबकतं. पावसाळ्यातल्या दमट दिवसांत तासाला काही लिटर पाणी सहज निघतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला मशीन गळतंय असंच वाटतं. मशीनचं तापवणं बंद करून नुसता पाण्याचा पंप चालू ठेवा. थोड्या वेळानं ठिबकणं थांबलं तर ती गळती नव्हे. हे पाणी सोडायला बेस ट्रेला नळीचं तोंड असतं, पण पुष्कळ ठिकाणी त्याला नळीच जोडलेली नसते.

आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. पाणी प्याली की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एका कामात प्लंबरनं नळी न जोडता पाणी मशीनखालच्या काँक्रीटच्या कट्ट्याशेजारीच सोडून दिलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मला वायरिंग बघायला बोलावलं, तेव्हा कट्टा एका बाजूला कलला होता आणि पाईपचा युनियन जोड ताणून उघडला होता. तेव्हापासून मी गवंड्याच्या मागं लागतो: कट्टा जमिनीपासून वीतभर उंच हवा, ट्रेपासूनची नळी मीटरमागं किमान एक सेंटीमीटर उतारानं न्यायची आणि शेवट शोषखड्ड्यात किंवा बागेत, तलावाच्या भिंतीपासून लांब. हे पाणी झाडांना चालतं. फिल्टरच्या बॅकवॉशचं, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुताना निघणारं क्लोरीनचं पाणी मात्र त्या नळीत मिसळू नका.

इलेक्ट्रिक हीटरला असलं ठिबकणारं पाणी नसतं. टाकी रिकामी करायचा प्लग आणि मशीनरूमच्या फरशीला नहाणी, एवढ्यावर भागतं. ड्रेनेजपुरतं बोलायचं तर तोच सोपा.

वायरिंगला आलं की पारडं फिरतं. १२ किलोवॅटचा हीटर थ्री फेजवर प्रत्येक फेजला जवळपास १७ अँपिअर ओढतो, तोही तासन् तास. त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, एवढा भार चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर लागतो आणि लांब अंतराला जाड केबल लागते. तेवढीच उष्णता देणारा हीट पंप अडीच-तीन किलोवॅटमध्ये, सिंगल फेजवर ११ ते १३ अँपिअरमध्ये चालतो. त्यालाही लाईन स्वतंत्रच हवी. गावाबाहेर व्होल्टेज पडतं तिथं हीट पंपाचा कॉम्प्रेसर आधी त्रास देतो. फार्महाऊसवाल्यांनो, शेतीपंपाच्या कनेक्शनवरून यातलं काहीही जोडू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो.

साध्या हीटरची आणखी एक खोड सांगतो. चार महिने बंद ठेवलेल्या हीटरच्या एलिमेंटमध्ये, म्हणजे तापणाऱ्या कांडीत, ओल शिरते आणि चालू करताच आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, उडतो. मग कोणीतरी आरसीसीबीच बायपास करतं. असं कधीही करू देऊ नका. ओल्या अंगानं माणसं उतरतात त्या पाण्याची ही लाईन आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी दोन्ही मशीनना हवाच. अर्थिंग नीट हवं. तलावाच्या काँक्रीटमधलं लोखंड, शिडी, कठडा, पंप आणि हीटरची बॉडी तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडलेली हवी. बोर्ड काठापासून साडेतीन मीटरच्या बाहेर, आर्मर्ड (लोखंडी कवचाची) केबल पाऊण मीटर खोल चरात, वर वाळू आणि विटा. पाण्याचा पंप बंद असेल तर हीटर चालूच होऊ नये, म्हणून फ्लो स्विच आणि इंटरलॉक जोडून घ्या.

पंचगंगेच्या पूरपट्ट्यात घर असेल तर २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते बघून, बोर्ड आणि मशीन त्याच्या वर बसवा. सोलर हीटरला ड्रेनेज आणि वायर दोन्ही थोडी लागतात, पण ऐन पावसात तो उपयोगाचा नाही.

माझं मत विचाराल तर घरचा तलाव आठवड्यातून तीन-चार दिवस वापरणार असाल, तर हीट पंपच घ्या. फिजिओथेरपीचा छोटा टब किंवा वर्षातून चार वेळा तापणारं कुंड असेल तर इलेक्ट्रिक हीटर बरा. तिथं युनिटं कमी जळतात आणि कट्ट्याचा खटाटोप वाचतो.

पाहुण्यांनी हीट पंप ठरवलाय. रविवारी कट्ट्याचं काँक्रीट आहे. त्याआधी ड्रेनचा पाईप, केबलचा पाईप आणि अर्थिंगची पट्टी तिन्ही टाकून फोटो काढून ठेवायला सांगितलंय.