टोइंगच्या गाडीवरचा पिवळा लाइटबार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात साडेसात हजार रुपये मोजून मी हा चार फुटी एलईडी लाइटबार माझ्या टोइंगच्या गाडीवर बसवला आणि जुलैत खंडाळ्याच्या पावसात त्याची उजवी बाजू बंद पडली. आवरणाच्या आत चक्क पाणी साचले होते. 'गाडी प्रेशरने धुतली असणार' असे म्हणून विक्रेत्याने वॉरंटी नाकारली. तीन आठवडे खेटे घातल्यावर रबरी सील फुकट बदलून मिळाले, दिव्यांचे अकराशे रुपये मात्र मलाच भरावे लागले.

तरीही माझी मुख्य तक्रार त्याबद्दल नाही. सुरुवातीला या दिव्याच्या प्रखरतेवर मी खूश होतो, कारण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर अंतर कापते, तेव्हा आपण जितक्या लांबून दिसू तितके बरे, असा माझा हिशेब होता. जानेवारीतल्या एका रात्री रस्त्यावर धोक्याच्या इशाऱ्याचा त्रिकोण ठेवायला मी पन्नास पावले मागे गेलो आणि वळून पाहिले. दिवा डोळ्यांत घुसत होता. पण विंचचा, म्हणजे बंद गाडी ओढून घेणाऱ्या यंत्राचा, हूक अडकवण्यासाठी वाकलेला माझा मदतनीस, अंगात रेडियमच्या पट्ट्यांचे जॅकेट असूनही आणि माझ्या कपाळावरच्या टॉर्चचा झोत त्याच्यावर पडत असूनही, मला दिसलाच नाही. मागून येणाऱ्या चालकालाही तो असाच दिसत नसणार, या विचाराने मी हादरलो.

त्यानंतर मी मंद प्रकाशाचे, सावकाश लुकलुकणारे सेटिंग वापरू लागलो आणि तेव्हापासून जॅकेटच्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. भर उन्हात पूर्ण प्रखरताच हवी, रात्री मात्र हे सेटिंग लाखमोलाचे आहे. दोष असा, की किल्ली बंद केली की दिवा ते विसरतो आणि पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण प्रखरतेने पेटतो. मंद करण्यासाठी बटण तीन सेकंद दाबून धरावे लागते, आणि रस्त्याच्या कडेला उतरण्याच्या घाईत नेमके तेच राहून जाते. शेवटचे सेटिंग लक्षात ठेवण्याची सोय या किमतीत द्यायलाच हवी होती, असे मी विक्रेत्याला दोनदा लिहून कळवले. उत्तर आलेले नाही.

तोवर रात्रीच्या प्रत्येक कामाला दिवा मंद झाल्याची खात्री केल्याखेरीज मी मदतनिसाला दार उघडू देत नाही.